पाला कुठं पळून जात नाही, आधी जनावराकडं बघ

‘लसणाच्या पाच पाकळ्या, मूठभर कडुलिंबाचा पाला आणि चमचाभर हळद वाटून रोज सकाळी कुत्र्याला चारा, आठ दिवसांत गोचीड गळून पडतील.’ हा मेसेज या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. पाठवणारी माणसं ओळखीची आहेत, मुक्या जिवावर खरी माया करणारी आहेत. त्यातल्या एका काकूंनी गेल्या पावसाळ्यात गल्लीतली चार पिल्लं स्वतःच्या जिन्याखाली वाढवली. म्हणूनच गप्प बसवेना. ही कृती करू नका. सुरू केली असेल तर आजच थांबवा. लसूण कुत्र्याच्या रक्ताला सोसत नाही, मांजराच्या तर मुळीच नाही. का ते पुढं लिहिते, पण ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

मी झाडपाल्याच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. माझं निम्मं बालपण कोल्हापूरजवळच्या वडणग्यात आज्जीच्या गोठ्यात गेलं. तीन म्हशी, एक रेडकू, दारात एक कुत्रं, आणि परड्यात कोरफड, अडुळसा, निरगुडी, कडेला करंज. म्हशीचं पोट फुगलं की आज्जी गोडेतेलात ओवा आणि हिंग कालवायची. पण ती वाटी हातात घ्यायच्या आधी तिचं एक काम ठरलेलं असायचं. म्हशीच्या डाव्या कुशीवर बोटांनी वाजवून आवाज ऐकायची. रवंथ चालू आहे का थांबलाय, शेण कसं पडलंय, कानाचं टोक गार लागतंय का गरम, नाक ओलं आहे का सुकलंय. मी उत्साहानं पाला तोडायला धावले की मागनं ओरडायची, “पाला काय पळून जातोय व्हय? आदी म्हशीकडं बघ!”

एकदा म्हशीची कूस ढोलासारखी ताणली होती आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. त्या दिवशी आज्जीनं हिंगाच्या डबीला हात लावला नाही. चुलत्याला सायकलवर बसवून जनावरांच्या डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टरांनी कुशीत जाड सुई घालून वायू सोडला, तसा सगळ्या गोठ्यात वास भरला आणि म्हैस दहा मिनिटांत शांत झाली. ओवा कुठं चालतो आणि कुठं चालत नाही हे त्या न शिकलेल्या बाईला नेमकं माहीत होतं. आपण तिचा पाला तेवढा उचलला. तिची पारख मात्र तिच्याबरोबर गेली, आणि माझी सगळी तळमळ त्यासाठी आहे.

कारण हे मला फार महागात पडलंय. 2019 च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर आंबेवाडीच्या रस्त्याकडेला एक पिल्लू सापडलं होतं. त्याचं नाव वाघ्या ठेवलं. तीन वर्षांनी, जूनमध्ये, त्यानं दोन दिवस जेवण सोडलं. अंग तापलेलं, सारखा मोरीतल्या गार फरशीवर जाऊन पडायचा. अंगावर गोचीड होते, ते मी ओढून काढले होते आणि काम संपलं असं समजले होते. एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, पपईच्या पाल्याचा रस पाज, डेंगीत माणसाला देतात, प्लेटलेट वाढतात. दुसऱ्यानं गुळवेल सांगितली. मी दोन्ही दिलं. सुईशिवायच्या सिरिंजनं, जबडा धरून, पाच दिवस. तो ओकायचा, मी पुन्हा पाजायची. पाचव्या दिवशी पहाटे त्याच्या नाकातून रक्त आलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात, वाघ्याच्या एकोणीस हजार होत्या. गोचीड ताप. एहर्लिचिया नावाचा जिवाणू असतो, तपकिरी गोचीड चावताना तो रक्तात सोडते. गोचीड अंगावर चिकटल्यापासून काही तासांत हे घडू शकतं, आणि ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे ताप दिसतो तेव्हा ती गोचीड कधीच गळून गेलेली असते. याला डॉक्सिसायक्लिन नावाचं साधं, जुनं औषध आहे. साधारण चार आठवडे द्यावं लागतं. लवकर सुरू झालं तर बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांतच उठून बसतात. वाघ्याला ते सहाव्या दिवशी मिळालं. आठव्या दिवशी तो गेला.

पपईच्या पाल्यानं वाघ्या मेला असं मी म्हणत नाही. पाच दिवस वाया गेले, त्यानं मेला. काहीतरी करतोय या समाधानात मी ते पाच दिवस घालवले. घरगुती उपायाचा हा धोका कुठल्याच मेसेजमध्ये लिहिलेला नसतो. औषध निरुपद्रवी असलं तरी दिवस निरुपद्रवी नसतात.

आता लसणाचं. कांदा आणि लसूण एकाच कुळातले. त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांनी कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. माणसाच्या पेशी हे सोसतात, त्यांच्या सोसत नाहीत. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात बिघाड दिसतो, मांजराला किलोमागे 5 ग्रॅमही पुरे होतो. लसूण कांद्याहून जहाल. एका घासानं कुणी मरत नाही, त्यामुळे ‘आमचा तर रोज खातो’ असं म्हणणारे भेटतात. पण वाटून रोज चारलेला लसूण साठत साठत काम करतो. त्रास काही दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर-काळपट होते, आणि तोवर लसणाचा संबंध कुणाच्या ध्यानातही राहत नाही. आपल्या कोल्हापुरात तर हे जास्तच जपायला हवं. रविवारी मटणाचा रस्सा उरला की भाकरी कुस्करून कुत्र्याला घालायची ही घराघरातली रीत. त्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला असतो, म्हणजे दोन्ही वस्तू वाळवून, आटवून घातलेल्या. मटण शिजवताना फोडणीच्या आधी चार तुकडे बाजूला काढले की झालं. तासगावचे बेदाणेही देऊ नका, प्रसादाचे चार दाणेसुद्धा नकोत. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. चिंचेबद्दलही पशुवैद्य आता हेच सांगतात.

गोचीडासाठी कडुलिंबाचं मी काय करते ते सांगते. पाला उकळून, पाणी पूर्ण गार करून, अंघोळीनंतर अंगावरून ओतते. खाज कमी होते, त्वचा बरी राहते. पण गोचीड जातात असा दावा मी करणार नाही. तपकिरी गोचीडाची मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागं हजारो अंडी घालते. आपण कुत्र्याला पाल्यानं न्हाऊ घालत बसतो आणि नवी फौज भिंतीत तयार होत असते. भेगा बुजवायच्या, अंथरूण कडक उन्हात टाकायचं आणि डॉक्टरांनी वजन बघून दिलेली गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध वेळेवर द्यायचं. तेच औषध घरातल्या मांजराला मात्र लावायचं नाही. कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलात किडे मारणारं द्रव्य असतं, त्याचंच हे कारखान्यातलं भावंड. कुत्र्याला सोसतं, मांजराला झटके येतात.

मांजर म्हणजे लहान कुत्रं नव्हे, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तिच्या यकृतात काही द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची एक सोय फार कमजोर असते. म्हणून आपल्याला तापाला चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. म्हणून निलगिरीचं तेल, टी ट्री तेल, कापूर घातलेलं खोबरेल तिच्या केसांना लावायचं नाही. ती ते चाटून काढणार, दिवसभर अंग चाटणं हाच तिचा धर्म आहे. पिसवा जाव्यात म्हणून कपाटातल्या डांबर गोळ्या मांजराच्या टोपलीत ठेवलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. त्या तर झाडपाल्यातही बसत नाहीत, निव्वळ विष आहे ते.

मग घरात ठेवावं काय? लाल भोपळा. बिनमिठाचा, शिजवून कुस्करलेला, दोन-तीन चमचे. कुत्र्याला शी घट्ट होत असेल तरी आणि थोडी पातळ होत असेल तरी, दोन्हीकडं उपयोगी पडतो. पातळ शीला एक दिवस मऊ भात आणि उकडलेलं कोंबडीचं मटण, मसाल्याचं बोटही न लावता. पंजे फुटले तर साधं खोबरेल. साधं खरचटलं असेल तर मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन हळद, पण जखम खोल असेल, कुत्र्यानं चावलेली असेल किंवा त्यात अळ्या दिसत असतील तर हळद भरून तोंड बंद करू नका, आत पू होतो. हळदीचं दूध नको, मोठ्या झालेल्या कुत्र्यांना बहुधा दूधच पचत नाही आणि जुलाब वाढतात. कोरफडीचा आतला पांढरा गर त्वचेला चालतो, सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात, म्हणून पान कापून तो चीक आधी निथळून जाऊ द्यावा. लूत लागलेल्या कुत्र्याला करंजाचं तेल आज्जी लावायची, मीही खोबरेलात मिसळून लावलंय, डॉक्टरांच्या औषधाबरोबर. गॅरेजमधलं जळकं ऑइल लावतात ते बघवत नाही. कातडी भाजते आणि चाटलेलं विष पोटात जातं.

लहान पिल्लू ओकतंय आणि रक्ताची हगवण लागली असेल तर भोपळा, भात, डाळिंबाची साल काही नको. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूचा रोग असू शकतो. त्यात पिल्लू मरतं ते बहुतेक पाणी संपून, आणि ते पाणी सलाईननंच भरून येतं. तासातासाचा प्रश्न असतो.

काविळीबद्दल मला वेगळं लिहायलाच हवं, कारण काविळीचं झाडपाल्याचं औषध हा आपल्याकडचा मोठा श्रद्धेचा विषय. कुत्र्याचे डोळे पिवळे दिसले की लोक तेच औषध आणून पाजतात. पण कावीळ हा रोग नाही, ती खूण आहे. गोचीडातून येणाऱ्या बबेसिया नावाच्या सूक्ष्म परजीवीनं तांबड्या पेशी फुटल्या तरी डोळे पिवळे होतात, यकृत बिघडलं तरी होतात, आणि लेप्टोनंही, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूच्या तापानंही होतात. तिन्हीचं औषध वेगळं. पुराच्या पाण्यात हिंडलेल्या कुत्र्याला लेप्टो होऊ शकतो आणि त्याच्या लघवीतून तो घरातल्या माणसांना लागू शकतो. 2019 आणि 2021 दोन्ही वेळा आपल्या किती गल्ल्या पाण्याखाली होत्या ते आठवा.

झाडपाल्याकडं आदरानं कसं बघावं याचं उदाहरण हवं असेल तर आपल्या दूधवाल्यांनाच विचारा. म्हशीच्या कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली की कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम वाटून तो लेप दूध काढून, कास धुऊन लावायचा, ही कृती आणंदच्या राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं देशभर पोचवली. मुळात शेतकऱ्यांचीच विद्या. पण रोगाचं नाव ठरलेलं, जनावर ठरलेलं, ग्रॅम ठरलेले. 2022 मध्ये गुरांच्या कातडीवर गाठी आणणारा लम्पी रोग पसरला तेव्हा विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गुळाची कृतीही अशीच नेमक्या मापानं सांगितली होती, आणि लसीकरण चालूच होतं. कुणी ‘मूठभर’ म्हटलं नव्हतं. तीनशे-चारशे किलोच्या म्हशीचं माप बारा किलोच्या कुत्र्याला लावलं तर काय होईल?

लोक झाडपाल्याकडं का वळतात हे मला कळतं. तपासणी, रक्त, सलाईन धरून बिल हजारांत जातं. रात्री अकराला कुत्रं तडफडायला लागलं तर उघडा दवाखाना सापडत नाही. रिक्षावाले कुत्रं घेत नाहीत, मी वाघ्याला चादरीत गुंडाळून मोपेडवर पुढं ठेवून नेला होता. सरकारी दवाखान्यांची घडी गाई-म्हशींसाठी बसलेली. ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावर आपण सगळ्यांनी मिळून बोललं पाहिजे. गल्लीत चार घरांनी मिळून महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकले तरी भटक्या पिल्लांच्या लसी होतात, आम्ही दोन वर्षं करतोय. पण पैसे नाहीत म्हणून लसूण, हा तोडगा नव्हे. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या महाग नसतात. वाघ्याचं मोठं बिल झालं ते उशिरामुळं.

आणि कुत्रं चावलं तर, माणसाला असो की पाळीव कुत्र्याला, चटणी, चुना, हळद, कुठलाही पाला जखमेवर नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठून इंजेक्शनाचं विचारायचं. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर ना झाडात औषध आहे ना मेडिकलच्या दुकानात.

आता आमच्याकडं शेरू आहे, दीड वर्षाचा. दर रविवारी सकाळी मी त्याला मांडीजवळ घेते. कानाच्या पाळीच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली, गळपट्ट्याखाली गोचीड बघते. मग ओठ वर करून हिरडीवर बोट दाबते. दाबलं की पांढरं होतं आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. गुलाबी यायला वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच फिकट किंवा पिवळी असली, तर पाल्याकडं न जाता सरळ डॉक्टरांकडं जायचं. दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर एकदा करून बघा आणि हिरडीचा रंग कसा दिसला ते खाली लिहा. फिकट दिसला असेल तर मात्र इथं उत्तराची वाट बघत थांबू नका, निघा.