एका नळीच्या तीन बिअर

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका पाहणाऱ्यांना 1993 मधला ‘डफलेस’ हा भाग आठवत असेल. होमर आणि त्याचा मित्र बार्नी डफ बिअरचा कारखाना बघायला जातात. तिथे डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन मोठ्या टाक्या आहेत. कॅमेरा वर सरकतो आणि दिसतं, की तिन्ही टाक्यांत बिअर एकाच नळीतून येतेय. त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. दोन सेकंदांत दृश्य संपतं.

त्या दोन सेकंदांबद्दल मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. पंधरा वर्षं मी पॅकेजिंग डिझाइन करतेय. एकाच पिठाच्या तीन पिशव्या मी स्वतः डिझाइन केल्यात, तीन रंगांत आणि तीन किमतींत. कुणासाठी ते सांगत नाही. पण ती नळी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी हसले नाही, गप्प बसले. माझ्या धंद्याबद्दल इतकं खरं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते एका कार्टूनने.

बरेच जण म्हणतात, मालिकेत डफसारखे खोटे ब्रँड वापरतात ते कोर्टकचेरी टाळायला. असेलही. पण मला वाटतं, खरं बळ वेगळं आहे. खऱ्या कंपनीचं नाव घेतलं की विनोद त्या एका कंपनीपुरता राहतो. बनावट कंपनी असली की तिचा कारखाना, जाहिरात, वकील, गिऱ्हाईक, सगळं दाखवता येतं. क्रस्टी नावाचा जोकर बघा. बर्गरपासून मुलांच्या शिबिरापर्यंत मिळेल त्या वस्तूवर तो आपला चेहरा छापू देतो. त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यात धातूचा धारदार तुकडा निघतो, तो होमरचा मुलगा बार्ट याच्या पोटात जातो. भरपाई मिळते एक लाख डॉलर. वकिलाने आपला वाटा काढून घेतल्यावर बार्टच्या हातात उरतात पाचशे.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मॅलिबू स्टेसीचा भाग, 1994 चा. होमरची मुलगी लिसा हिला मॅलिबू स्टेसी ही बोलणारी बाहुली मिळते. ती बाहुली म्हणते, जास्त विचार केला की सुरकुत्या पडतात. हे हवेतून आलेलं नव्हतं. 1992 मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने बोलणारी बार्बी आणली होती आणि गणिताचा तास अवघड असतो, असं एक वाक्य तिच्या तोंडी होतं. त्यावर अमेरिकेत बरीच ओरड झाली होती. लिसा नुसती चिडून थांबत नाही. ती स्टेसीची मूळ निर्माती शोधून काढते आणि दोघी मिळून नवी बाहुली बनवतात, लिसा लायनहार्ट. हुशार, स्वतःचं डोकं असलेली. विक्रीचा दिवस उजाडतो, पोरी दुकानात धावत येतात. तेवढ्यात स्टेसीचा नवा खोका समोर येतो. बाहुली तीच, डोक्यावर फक्त नवी टोपी. सगळी गर्दी तिकडे वळते.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. हा भाग आम्ही दोघींनी मिळून पाहिला. ती म्हणाली, “आई, टोपीच तर बदललीये ना?” मी हो म्हटलं. मग विचारते, “मग त्या सगळ्या का पळाल्या?” टोप्या बदलण्याचा पगार घेणाऱ्या बाईने यावर काय सांगायचं? मी तिला पिठाच्या तीन पिशव्यांची गोष्ट सांगितली, खरी खरी.

म्हणूनच हे ब्रँड टीव्हीबाहेर आले तेव्हा मला वाईट वाटलं. 2007 मध्ये ‘द सिम्पसन्स’च्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीने अमेरिका-कॅनडातल्या 12 दुकानांना मालिकेतल्या क्विक-ई-मार्ट या दुकानाचं रूप दिलं. लोक फोटो काढायला लोटले. शिळा माल खपवणारं दुकान म्हणून ज्याची मालिकेने इतकी वर्षं टर उडवली, तेच आता हौसेने खरेदी करायचं ठिकाण झालं!

आणि त्या दुकानाबरोबर अपू येतोच, मालिकेतला तिथला भारतीय दुकानदार. विनोद दुकानाच्या मालकीण कंपनीवर होता असं मी खूप वर्षं म्हणत आले. पण माझा मावसभाऊ शिकत असताना न्यू जर्सीत एका दुकानाच्या काउंटरवर उभा राहायचा. गिऱ्हाइकं त्याला अपूच्या आवाजात “थँक यू, कम अगेन” ऐकवून जायची. कंपनी कुणाच्या लक्षात राहिली नाही, आवाज राहिला. विनोदी कलाकार हरी कोंडाबोलू यांनी 2017 च्या माहितीपटात हेच दुखणं मांडलं आणि 2020 मध्ये अभिनेते हॅन्क अझारिया यांनी अपूला आवाज देणं थांबवलं. मला ते पटलं. मालिकेवर प्रेम असूनही पटलं.

पुन्हा डफकडे येते. ऑस्ट्रेलियात एका ब्रुअरीने डफ नावाची बिअर काढली, तेव्हा मालिकेची मालक फॉक्स कंपनी कोर्टात गेली आणि 1996 मध्ये जिंकली. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांचा खऱ्या डफला विरोध होता, कारण मुलं पिण्याकडे वळतील ही धास्ती. मला ती भूमिका फार मोलाची वाटायची. नंतर 2013 मध्ये ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये डफ ग्लासात ओतली जाऊ लागली. 2015 मध्ये फॉक्सने चिलीत अधिकृत डफ बाजारात आणली. नक्कल करणारे थांबत नाहीत, मग आपणच विकू, असा त्यामागचा हिशेब. धंदा म्हणून मला तो कळतो. तरी मला तो मान्य नाही. ज्या नावाने नळी दाखवली, त्याच नावाचं लेबल आता खऱ्या बाटलीवर आहे.

‘डफलेस’चा शेवट किती जणांना आठवतो? बायकोला, मार्जला, दिलेल्या शब्दाखातर होमर महिनाभर बिअर सोडतो. मुदत संपल्यावर मोच्या बारमध्ये जातो, ग्लास समोर येतो. तो आजूबाजूच्या रोजच्या पिणाऱ्यांकडे बघतो. मग ग्लास तसाच ठेवून बाहेर पडतो आणि मार्जबरोबर सायकलवरून निघून जातो.




काल लेकीला तोही भाग दाखवला. नळी तिने माझ्याआधी पाहिली.