दोन्ही बाजू सुलट

यांचे काका आयुष्यभर हिशेब तपासायच्या नोकरीत होते. आता निवृत्त झालेत, म्हणून माझी गोधडी तपासली. शेवटचा दोरा तोडून मी ती नुकतीच पलंगावर पसरली होती.

"सुलट बाजू कुठली गं?"

"दोन्ही, काका."

"तसं नसतं. एक दाखवायची असते, दुसरी झाकायची."

आणि चष्मा पुसायला घेतला.

आता ही गोधडी मी कशी केली ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. नेहमीच्या रीतीत आधी अख्खी गोधडी जोडतात आणि मग तो डोंगर मशीनच्या बगलेतून कोंबत बसतात. माझ्या पद्धतीत प्रत्येक चौकोन सुटा: वर निळं कापड, मधे कापसाचा थर, खाली पिवळं कापड. चौकोन मशीनवर शिवून झाला की तो आकसतो, म्हणून थोडा मोठाच कापायचा आणि नंतर कडा छाटून मापात आणायचा. वर निळा दोरा, बॉबिनला पिवळा. ताण जरा कमीजास्त झाला की निळ्यावर पिवळे ठिपके उमटतात, मग उसवा!

खरी गंमत जोडणीत. चौकोनाच्या पुढच्या अंगाला एक इंचाची पट्टी, मागच्या अंगाला पावणेदोन इंचांची पट्टी दुमडून, आणि सगळ्यांवरून पाव इंचावर एकच शिवण. दुसरा चौकोन फक्त पुढच्या पट्टीला जोडायचा. माप अचूक असेल तर दोन्ही चौकोनांच्या कडा पट्टीखाली एकमेकींना बरोब्बर टेकतात; खड्डा नाही, उंचवटा नाही. मग मागची दुमडलेली पट्टी शिवणीवर पालथी घालून हाताने तुरपाई. मानेचं काय होतं ते विचारू नका.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग गोधडीचा कोपरा खिडकीपाशी नेला. पट्टीवरून नख फिरवत फिरवत गेले आणि एका जागी थांबले.

"सापडली!"

"काय सापडलं?"

"तुरपाई. ही उलट बाजू."

"काका, उलट त्या बाजूला मेहनत जास्त आहे."

"तेच म्हणतोय. मेहनत दिसली, म्हणजे ती आतली बाजू."

यावर काय बोलणार? वाद मिटला या समाधानात त्यांनी पिवळी बाजू खाली घालून गोधडी नीट घडी केली. मी ती पुन्हा उलटली. त्यांनी पुन्हा सुलट केली. 'सुलट' म्हणजे त्यांच्या हिशेबाने.

काकांचं एकट्याचं कशाला? गोधडी म्हटली की लोक पहिल्यांदा विचारतात, "उरलेले तुकडे का?" उरलेले कसले? अख्खं, कोरं कापड आणून मी ते स्वतःच्या हातांनी कापते आणि पुन्हा जोडते. ऐकायला वेडेपणा वाटतो, कबूल. पण कोणी चित्र काढलं तर 'उरलेला रंग होता का' असं नाही ना विचारत! दुसरं वाक्य, "वेळ बरा जातो ना?" जातो की. कुठे जातो ते या तुरपाईत दिसतं, आणि तीच म्हणे झाकायची.

काकांच्या त्या वाक्याने रात्री मला झोप लागली नाही. घरातली कुठली कामं 'आतल्या बाजूची' आहेत याची यादी मनात सुरू झाली आणि ती फारच लांबत चालली, म्हणून उठून पाणी प्यायले.

सकाळी काका निघाले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "छान झालीय हो. पण मळेल. खोळ शिवून घाल तिला."

मी नुसती मान हलवली.

"आणि कापड गडद घे," जिन्यातून आवाज आला, "आतलं काही दिसायला नको."