‘खा, प्या, मजा करा’ हे एपिक्युरसचं वाक्य नव्हे

‘खा, प्या, मजा करा, उद्या कुणी पाहिलाय! – एपिक्युरस’ असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. पण या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचं हे वाक्य नाही. ‘खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचंच आहे’ ही ओळ आहे बायबलातल्या यशयाच्या ग्रंथात (22:13), आणि तिथंही ती कौतुकाने आलेली नाही.

सुख हेच ध्येय, असं एपिक्युरस (इ.स.पू. 341–270) म्हणायचा, हे खरं. पण सुख म्हणजे काय? अंगाला दुखणं नाही, मनाला घोर नाही, एवढंच. मेनोइकियसला लिहिलेल्या पत्रात तो बजावतो, की दारूच्या बैठका आणि मासळीची भरली ताटं यांनी आयुष्य सुखाचं होत नाही. भुकेल्याला जवाची भाकरी नि पाणीही परमसुख देतं. एकदा त्याने लहानसं मडकंभर चीज मागवलं, का तर मनात आलं की चंगळ करता येईल! (आपल्याकडे ‘ऋण काढून तूप प्या’ हे चार्वाकाच्या नावावर खपलं, त्यातलाच हा ‘खा, प्या’चा प्रकार.)

बदनामी मात्र जुनीच. त्याचा शिष्यगण सोडून गेलेला तिमोक्रातीस सांगत सुटला होता, की गुरुजी अति खाऊन दिवसातून दोनदा ओकतात.