ही खुर्ची कुणाची?

परवा कोर्टातल्या बाररूमच्या, म्हणजे वकिलांच्या बसायच्या खोलीच्या, दारात एक नवीन वकील मुलगी उभी होती. गळ्यातल्या पांढऱ्या बँडची इस्त्रीही मोडलेली नव्हती. आत चार खुर्च्या रिकाम्या, तरी बसेना.

का, ते मला लगेच कळलं. १४ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कोर्टात मी अशीच एका खुर्चीवर टेकले आणि आवाज आला, "मॅडम, ती साहेबांची आहे." साहेब त्या दिवशी कोर्टात फिरकलेही नव्हते. वकील संघाच्या वर्गणीची कालचीच पावती माझ्या पर्समध्ये होती. पुढे तीन महिने डबा कँटीनच्या बाकावर खाल्ला. शेवटी शिपाईमामाच म्हणाले, "ताई, खिडकीपाशी बसा, तिथले वकील आता जिल्हा कोर्टात बसतात." संघाने केलेलं माझं स्वागत ते एवढंच.

आजही फार फरक नाही. गुलाबाचं फूल, ग्रुप फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅड केलं की झालं. मग आठवण थेट निवडणुकीत: "ताई, लक्ष असू द्या." आणि वर तक्रार, नवीन पोरं कार्यक्रमाला येत नाहीत!

३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी कायद्यात आहे तेवढीच घ्यायची. म्हणजे ७५० रुपये, एससी-एसटीसाठी १२५. त्याआधी कित्येक राज्यांत हजारोंनी मोजावे लागत. त्याच ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, ज्युनिअरला महिना शहरात २०,०००, गावाकडे १५,००० मानधन द्या म्हटलं. पण ती पडली शिफारस. आमच्याकडे पेट्रोलपुरते मिळाले तरी ज्युनिअर खूश असतो. अशा पोराकडे वर्गणी मागताना संघाने त्याला काहीतरी द्यायला नको का?

गेल्या वर्षी कार्यकारिणीत होते तेव्हा दोन गोष्टी करून पाहिल्या. शनिवारची व्याख्यानं सपशेल पडली; पाच जण आले, त्यांतले तिघे आम्हीच. दुसरी मात्र जमली. ई-फायलिंगला, म्हणजे केस ऑनलाइन दाखल करताना, अडलेल्या सीनिअरना शिकवायचं काम नव्या मुलांकडे दिलं. "पोरांना डोक्यावर बसवताय," असं एक जण म्हणालेच. तेच पुढच्या आठवड्यात चष्मा कपाळावर सरकवून एका पोराच्या शेजारी बसले होते, "अरे, तो ओटीपी कुठं आला म्हणालास?" त्या दिवसापासून ते त्याला नावाने हाक मारतात. आधी तो नुसता 'अमक्यांचा ज्युनिअर' होता. आता कोर्टाच्या ऑफिसात नाझरकडे काही अडलं तर तो त्यांनाच विचारतो, आणि तेही उठून बरोबर जातात. यासाठी ठराव लागला नाही, की हॉलचं भाडं.

तर ती मुलगी. मी म्हटलं, "बस गं." तिने विचारलं, "मॅडम, ही कुणाची आहे?" "वर्गणी भरलीस ना? मग तुझीच."

बसली. पण अगदी टोकाला, बॅग मांडीवर घेऊन. आणि पुकारा ऐकू आला तशी लगेच उठली.