खोटे पकडायचे की खरे सिद्ध करायचे?

परवा आमच्या कट्ट्यावर एक प्रश्न निघाला: घरच्या माणसाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला, तर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2023 मध्ये मांडलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रारूपाला आवाजाची नक्कल करण्यासाठी 3 सेकंदांचा नमुना पुरत होता, असे संगणक-सुरक्षेत काम करणाऱ्या मित्राने सांगितले. अशा वेळी फोन ठेवून आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर उलट फोन करावा, यावर दुमत झाले नाही.

"पण बातमीला उलट फोन कसा करणार?" वृत्तपत्रात काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारले आणि खरा वाद तेथून पुढे सुरू झाला. मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या अध्यक्षांनी सैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगितल्याची बनावट चित्रफीत पसरली होती. ती कच्ची असल्यामुळे लगेच उघडी पडली, मात्र दर वेळी असे होईल याची खात्री कोण देणार? आमच्या शिक्षक मित्राला खोटे ओळखणारी प्रणाली पुरेशी वाटत होती. तो भ्रम आहे, असे सुरक्षावाल्याने ठामपणे सांगितले, कारण 2014 मध्ये पुढे आलेल्या एका पद्धतीत एक न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली) चित्र बनवते, दुसरे त्यातले खोटे हुडकते आणि त्या पकडीवरूनच पहिले अधिक सफाईदार होत जाते.

म्हणून त्याचा भर खऱ्यावर शिक्का मारण्यावर होता. चित्रे-चित्रफिती कुठून आल्या हे पडताळण्याचे मानक ठरवणाऱ्या, 2021 मध्ये स्थापन झालेल्या 'सीटूपीए' या गटात ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदी संस्था आहेत आणि या गटाच्या मानकानुसार कॅमेरा छायाचित्र टिपतानाच त्यावर डिजिटल स्वाक्षरी करू शकतो. पुढे कुणी त्यात एक ठिपका जरी बदलला, तरी स्वाक्षरी ज्यावर आधारलेली असते तो चित्राचा गणिती ठसा बदलतो आणि स्वाक्षरी जुळत नाही. लायका या कॅमेरा कंपनीने 2023 मध्ये असा कॅमेरा बाजारातही आणला.

मैत्रीण म्हणाली, "अरे, अत्याचाराचे चित्रण करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा साधाच फोन असतो, आणि स्वाक्षरी असलीच तरी संदेशातून पाठवताना ती गळून पडू शकते. मग शिक्का नाही म्हणून तो साक्षीदार खोटा ठरवायचा का? आणि स्वाक्षरीवरून तो कोण हे कुणी शोधून काढले तर?" स्वाक्षरी उपकरणाची असते, माणसाचे नाव त्यात असावेच लागत नाही, हे सुरक्षावाल्याचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते, पण उपकरणावरून माणसापर्यंत पोहोचता येते, ही तिची भीती मला अधिक वजनदार वाटते. शिवाय बनावट इतके बोकाळले आहे की, खऱ्या ध्वनिफितीत सापडलेला सत्ताधीशही 'हे यंत्राने बनवले आहे' म्हणून निसटू शकतो. शिक्का सक्तीचा झाला, तर त्याला आणखी एक पळवाट मिळेल. स्वाक्षरी ऐच्छिकच राहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी सुरक्षावाल्यानेही एक गोष्ट मान्य केली. पडद्यावर बनावट दृश्य लावून त्याचे छायाचित्र स्वाक्षरी करणाऱ्या कॅमेऱ्याने टिपले, तर स्वाक्षरी अस्सलच निघेल. त्यामुळे घटनास्थळी जाऊन माणसांना विचारणारा बातमीदार वृत्तपत्राला ठेवावाच लागेल.