टेस्ट राइड शोरूमभोवतीची चक्कर नसावी

रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आणि होंडा हायनेस या दोन मोटरसायकलींची तुलना करणारा एक लेख वाचला; ती तुलना आकड्यांवर थांबली आहे. वजन १९५ विरुद्ध १८१ किलो, टॉर्क (इंजिनाची ओढ) २७ विरुद्ध सुमारे ३० एनएम (न्यूटन-मीटर), हे खरंच. पण निवड ठरते ती गाडी चालवून.

आधी दोन्ही गाड्यांच्या टायरची हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. डेमो गाडीत ती बहुधा कमी-जास्त असते आणि मग हँडल जड लागलं की दोष उगाच गाडीला. साखळी ढिली असेल तर थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) सोडता-धरताना झटका बसतो, तोही इंजिनाचा समजू नका.

रस्ता एकच, वेळही शक्यतो एकच. तिसऱ्या गिअरमध्ये ३०वरून थ्रॉटल हळूहळू उघडा: इंजिन ठोके देतं का, की निमूट उचलतं? मग ८०ला स्थिर ठेवून फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) आणि आरशातली थरथर बघा. मागे माणूस बसवून गतिरोधक पार करा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये काढा. इंजिन तापल्यावर न्यूट्रल सापडतो का आणि क्लच मनगटाला किती छळतो, ते तिथेच कळतं. (सेल्समन याला कुरकुरणार, कुरकुरू द्या.) शेवटी गाडी बंद करून उतारावरून मागे ढकलून बघा. वजनातला तो १४ किलोंचा फरक तिथे जाणवतो.