वर्णद्वेष रक्तातच असतो का?

वर्णद्वेष माणसाच्या रक्तातच असतो, आता विज्ञानानंही ते मान्य केलंय, असं कुणी ठासून सांगितलं की माझं डोकं फिरतं. कारण ज्या अभ्यासाचा दाखला देतात, तो असं काही म्हणतच नाही.

तो अभ्यास विल्यम्स सिंड्रोम हा जन्मजात विकार असलेल्या मुलांवरचा. या विकारात सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीवरचा २५-२८ जनुकांचा तुकडा जन्मतःच नसतो. या मुलांना बऱ्याचदा हृदयाचा त्रास असतो, शिकायला वेळ लागतो, आणि अनोळखी माणसाची भीती जवळपास वाटतच नाही. २०१० साली फ्रान्स-जर्मनीतल्या संशोधकांनी अशा २० गोऱ्या मुलांना आणि तितक्याच इतर गोऱ्या मुलांना चित्रं दाखवली. दोन माणसं, एक गोरा, एक काळा. मग छोटीशी गोष्ट: यातला एक फार चांगला आहे, कोणता? एक वाईट आहे, कोणता? इतर मुलांची बोटं चांगल्यासाठी गोऱ्याकडे आणि वाईटासाठी काळ्याकडे वळत राहिली. विल्यम्सच्या मुलांत असा ठाम कल दिसला नाही.

बायकांचं काम कोणतं, पुरुषांचं कोणतं, यात मात्र दोन्ही गट सारखेच निघाले! म्हणजे आजूबाजूचं ऐकून-बघून ही मुलंही शिकतातच. वर्णाबद्दलच्या पूर्वग्रहाला मात्र अनोळखी माणसाच्या भीतीचं खतपाणी लागत असावं, असा संशोधकांचा तर्क. मुलं फक्त २०, तेव्हा तो तर्कच समजावा.

आणि कृपा करून या मुलांना ‘देवदूत’ म्हणू नका. कुणाच्याही मागे निघून जाणाऱ्या लेकराच्या आईला विचारा, तिच्या जिवाला किती घोर असतो.

बिचकणं जन्मजात असेलही, पण परका कोण हे जनुक सांगत नाही. २००६ साली तीन महिन्यांच्या बाळांवर एक अभ्यास झाला. इथिओपियातली बाळं काळ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत, इस्रायलमधली गोरी बाळं गोऱ्या. इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतल्या, दोन्ही वर्णांची माणसं पाहणाऱ्या बाळांचा मात्र कुठेच कल नव्हता. अमेरिकेतल्या २०१३ च्या अभ्यासात काळे चेहरे पाहून मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची, वाढीव हालचाल लहान मुलांत आढळलीच नाही, किशोरवयात आढळली. ज्यांचे मित्र वेगवेगळ्या वर्णांचे, त्यांच्यात ती कमी होती.

आता हे मित्र कुठून येणार? शाळेत बाकावर शेजारी कोण बसतं आणि वस्तीत घर भाड्यानं कुणाला मिळतं, यावर ते ठरतं. ते ठरवणारे आपण मोठी माणसं आहोत, गुणसूत्रं नव्हेत.